नदीला धूर आला

एप्रिलची सकाळपाळी. इतवारीतली आमची शाळा,
पत्र्याचं छत, चार नागड्या सिमेंटच्या भिंती
आणि खिडकीत कूलर,
ज्याचा पंखा कुठेतरी पत्र्याला घासतो.
वर्ग थंड होतो, हे खरं.
चोपन्न मुलं, तो, आणि मधे मी.

तेवीस वर्षं मी त्याच्या वरून बोलले.
कूलर बदलत गेले. घसा तोच.

शुद्धलेखन सांगितलं : नदीला पूर आला.
शेवटच्या बाकावर शाश्वत निमजेनं लिहिलं :
नदीला धूर आला.
बाबांनी दार उघडले.
बाबांनी तार उघडले.
मी लाल शाईनं गोल केले,
अर्धा अर्धा गुण कापला,
खाली शेरा : लक्ष नसते.

मग एका सोमवारी हजेरी घेताना
आवाज बसला तो बसलाच.
खडीसाखर, ज्येष्ठमध, शेजारणीचा काढा,
उठायचं नाव नाही.

मेडिकलमधली ओपीडी.
डॉक्टर मान न उचलता बोलले.
मागून स्ट्रेचरची चाकं, फरशीवर आपटलेला ट्रे,
कुणाचं लेकरू, कुणाचा मोबाइल,
आणि त्या सगळ्यातून मला ऐकू आलं :
स्वरयंत्रावर पाठ आहे.
मी मान डोलावली.
तेवीस वर्षांचा पाठ, असणारच की.

बाहेर येऊन कागद वाचला. गाठ.

फक्त पहिलं अक्षर चुकलं.
माझ्या कागदावर कुणी शेरा मारला नाही.

तीन रात्री वॉर्डात. बोलायचं नाही, खाकरायचंही नाही.
उंच छताखाली एक हाक
चार हाका होऊन परत यायची.
उमरेडची एक म्हातारी दर नावाला उठून बसे :
मलेच बोलावून राहिले का वो?
मी हातानं सांगायची, नाही, झोपा.
ती झोपायची. पुन्हा हाक. पुन्हा उठायची.
सकाळी तिचा रक्तदाब घेतला,
सिस्टर म्हणाली, आजी, वाढला कसा काय?
मला माहीत होतं.
मला बोलायची बंदी होती.

लेक मिहानमधून यायची भेटायला,
तिच्या ऑफिसात भिंतीच नाहीत, काचा आहेत.
स्टुलावर बसून म्हणाली,
आई, दिवसभर लोकांची अर्धी अर्धी वाक्यं कानात पडतात,
घरी येऊन ती मीच पुरी करत बसते.
मी तिच्या कानांवर माझे तळहात ठेवले.
बराच वेळ.

शाळेत परतले तेव्हा कळमन्यातून
संत्र्याच्या पेट्यांतलं तणस आणलं होतं, नऊ पोती.
मागच्या भिंतीला टांगली.
परातेसर म्हणाले, बाई, हा गोठा आहे का?
काडी पडली तर? इन्स्पेक्शन आलं तर?
मी पाटीवर लिहिलं : सर, एकदा टाळी वाजवा.
त्यांनी वाजवली.
टाळी वाजली आणि संपली. मागे शेपूट नाही.
त्यांनी पुन्हा वाजवली, लहान मुलासारखी,
आणि मग म्हणाले, तरीपण काढा.
परीक्षेपर्यंत राहू द्या, मग काढा.

त्या दिवशी मी कूलर बंद केला.
दहा मिनिटं, फक्त शुद्धलेखनापुरता.
पारा बेचाळीसवर. मानेवरून घाम वहीत.
मी हळू बोलले, एवढंच बोलता येत होतं :
नदीला पूर आला.
चोपन्न पेन्सिली ऐकू आल्या.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शाश्वतच्या वहीत : नदीला धूर आला.

ऐकू नाही आलं का रे?
आलं ना बाई. पूर म्हटलं तुम्ही.
मग?
मामाच्या गावाला नदीवर सकाळी धूरच येते बाई.
पूर मी पायलाच नाही.

मी लाल पेन उघडलं,
टोपण पुन्हा लावलं.

बाई, गरम होऊन राहिलं, कुणीतरी म्हणालं,
आणि उठून बटण दाबलं.